‘विशेष बाब’ नाकारणाऱ्या कॅप्टन मार्थाबाई

कॅप्टन मार्थाबाई साळवे यांचा मी आधी आवाज ऐकला. चेहरा दुसऱ्या दिवशी पाहिला. काश्मीरची पहिली लढाई चालू होती आणि बर्फाने माझे दोन्ही पाय काळे पडले होते. वरच्या ठाण्यावरून आम्हा जखमींना लॉरीत घालून खाली लष्करी इस्पितळात आणले. मी विशीतला पोरगा, तापात ‘आई गं, मेलो’ असे काहीबाही बोलत होतो. माझ्या डोक्याशी कोणीतरी थांबले.

“कुठल्या गावचा रं तू?”

“खंडाळ्याकडचा.”

“आणि मरायला हितवर आलास व्हय? खंडाळ्यात जागा नव्हती?”

मुलखापासून इतक्या दूर आपली बोली ऐकून मला रडू आले. त्यावर तोच आवाज म्हणाला, “मी वाईजवळची. पण आपल्याकडची बाई हाय म्हणून लाड हुतील आसं समजू नगंस.”

लाड झाले नाहीत. पायाची दोन बोटे गेली, पाय राहिले. बाई तेव्हा लेफ्टनंट होत्या. सांगलीकडच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकून त्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्याच्या परिचारिका दलात भरती झाल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ योसेफ त्याच लढाईत ब्रह्मदेशात पडला. ही गोष्ट त्या कधी आपणहून सांगत नसत. पुढे ती त्यांच्यासमोर कशी येऊन उभी राहिली ते मी सांगणारच आहे.

त्या इस्पितळातील एक प्रसंग आधी सांगतो, कारण पुढच्या साऱ्या भांडणाचे मूळ माझ्या मते तिथे आहे. माझ्या शेजारच्या खाटेवर कऱ्हाडकडचे इमाम मुलाणी होते आणि त्यांच्यापलीकडे सांगलीकडचे धोंडीराम कांबळे. आमच्यातल्या एका जवानाला हा शेजार मानवेना. त्याने बाईंना हळूच सांगितले, की माझी खाट तेवढी दुसरीकडे टाका. बाई पट्टी बांधत होत्या. मान वर न करता त्या साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे बोलल्या.

“हितं खाटा जखमेवरनं लावत्यात. पायवाले हिकडं, पोटवाले तिकडं. तुला तिकडं जायचं आसंल तर पोटात गोळी घालून घे. लगेच खाट देते.”

ज्यांना हसताना टाके दुखत होते तेही हसले. खाट हलली नाही. पट्टी बांधायला घेण्याआधी बाईंचे ओठ क्षणभर हलत, हेही मी त्याच वॉर्डात पाहिले. घरी माझी आई चूल पेटवताना तसेच ओठ हलवी. बाईंच्या देवाचे नाव वेगळे होते, एवढेच.

पुढे मी नोकरी पुरी करून हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि साताऱ्यात राहायला आलो. एके दिवशी एस.टी. स्टँडवर मागून हाक आली, “काय रं खंडाळा, चालतोस का अजून?” वळून पाहिले तर पांढऱ्या साडीतल्या मार्थाबाई. कॅप्टन होऊन निवृत्त झाल्या होत्या आणि पेठेत एका खोलीत भाड्याने राहत होत्या. लग्न केले नव्हते. सकाळी गरम पाण्यात उकळलेल्या सुया घेऊन निघत आणि ज्या घरी बोलावणे येई त्या घरी जात. साताऱ्यात निवृत्त सैनिकांना तोटा नाही. कोणाची जुनी जखम वाहते, कोणाला श्वास पुरत नाही. बाईंचा पाय लागला नाही असे आमच्यातले घर क्वचितच असेल.

माझी आई त्या वेळी माझ्याकडे होती. तिच्या पायाला बरी न होणारी जखम होती. आई सोवळ्याओवळ्याची. बाईंना तिने दारातच विचारले, “तू कुणाची गं?”

“किरिस्ताव हाय, आजी.”

“मग माझ्या देवाला हात लावू नगंस.”

“न्हाई लावत. तुमच्या पायाला लावते, चालंल?”

आईने पाय पुढे केला. जखम भरायला पावसाळा गेला. शेवटी शेवटी बाईंना उशीर झाला तर आई उंबऱ्यात येऊन बसे आणि माझ्यावर चिडे, “गेली कुठं ती? तूच कायतरी बोलला आसशील.” ती वारली तेव्हा तिच्या तोंडात पाणी घालणाऱ्यांत बाई होत्या, आणि देवघरापाशी बसलेल्या बाईंना कोणीही उठवले नाही.

आता वसाहतीविषयी लिहायला हवे. बांगलादेशच्या लढाईनंतर सरकारने साताऱ्याबाहेरच्या माळावरची जमीन माजी सैनिकांच्या घरांसाठी दिली. आम्ही गृहनिर्माण संस्था काढली. सुभेदार गणपतराव फडतरे अध्यक्ष झाले आणि मी चिटणीस. सुभेदारांविषयी कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, की असा सरळ मनाचा आणि कष्टाळू माणूस विरळा. दुष्काळात त्या माळावर पाण्याची पाइपलाइन त्यांनी उभ्या उभ्या आणवली. पण प्लॉट पाडायची वेळ आली आणि आम्ही सारे एक जगावेगळी गोष्ट करून बसलो. आयुष्यभर ज्यांनी मुलूख पाहिला, तंबूत आणि खंदकात जे कोणाच्याही खांद्याला खांदा लावून झोपले, त्यांनी कोऱ्या माळाचा नकाशा काढताना आपापले गाव काढले. मधे देऊळ, देवळाभोवती आमची घरे, इमाम मुलाणींचा प्लॉट खाली नाल्याकडेला आणि धोंडीराम कांबळ्यांचा नाल्याच्या पलीकडे. कोणी दुष्टपणाने केले नाही. आमचा हात सवयीने तसाच वळला.

बाईंच्या बाबतीत अडचण निराळी होती. माजी सैनिकांच्या सरकारी कचेरीतल्या नियमाप्रमाणे प्लॉट मिळायचा तो माजी सैनिकाला, नाहीतर त्याच्या पत्नीला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्याला. स्वतः सैन्यात राहिलेली बाई त्यात कुठेच बसत नव्हती. सुभेदारांनी डोके चालवले आणि वाट काढली. बाईंचे नाव त्यांनी शहीद योसेफ साळवे यांची बहीण म्हणून घातले. एवढे मोठे काम झाले म्हणून ते मला घेऊन, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन बाईंच्या खोलीवर गेले.

“बाई, तुमचं काम झालं. योसेफच्या नावावर बसवलं तुमाला.”

बाईंनी पुडा तसाच ठेवला. “आणि मी कुठं हुते वो, सुभेदारसाहेब?”

“म्हंजी?”

“तो ब्रह्मदेशात पडला तवा मीबी नोकरीतच हुते. त्याच्यामागंबी हुते. आता त्याच्या मरणावर मी घर बांधू? मग मी जे केलं ते कुणी केलं?”

“आवं, कागदावर कसं का येईना. डोक्यावर छप्पर आल्याशी कारण.”

“छप्पर हाय की ह्ये. भाड्याचं हाय, पर गळत न्हाई. मला जागा शिपाई म्हणून पायजे. भणीची नगं.”

सुभेदारांचा चेहरा पडला. त्यांना खरोखरच वाईट वाटले होते. मग बाईंनी वसाहतीचा नकाशा पाहायला मागितला आणि बराच वेळ पाहिला.

“ह्यात इमाम कुठं हाय?”

“ह्यो हितं. नाल्याकडंला. त्याला त्याच्या माणसांत बरं वाटंल, म्हणून.”

“त्याची माणसं कोण, सुभेदारसाहेब? खंडाळा, तू सांग. इस्पितळात तुझ्या शेजारच्या खाटंवर कोण हुतं?”

“इमामभाई.”

“मग त्याची माणसं तूच की रं.” नकाशाची घडी करून त्यांनी सुभेदारांच्या हातात दिली. “पेढं घिऊन जावा. धोंडीराम आणि इमाम वर येतील आणि मला माझ्या नावानं जागा मिळंल, तवा मीच आणीन.”

त्या दिवसापासून बाईंनी कचेरीची वाट धरली. इमामभाई आणि धोंडीराम यांना त्यांनी बरोबर घेतले. ते दोघे काही लढायला उत्सुक नव्हते. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसलेल्या इमामभाईंचे बोलणे मी स्वतः ऐकले आहे.

“बाई, नाल्याकाठी का हुईना, मिळतंय ते घिऊ. आपुन थोडं हाय.”

“थोडं आसतो तवाच ओळीत उभं राहायचं आसतं, इमाम. लय आसल्यावर कुठंबी उभं राहिलं तरी दिसतंय.”

आत साहेबांनी बाईंना खुर्ची दिली आणि नम्रपणे विचारले, “आपले यजमान कोणत्या पलटणीत होते?”

“यजमान नव्हते, साहेब. पलटण होती.”

साहेब भले होते. त्यांनी नियम वाचून दाखवला आणि आपला नाइलाज सांगितला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. “मग ज्यांनी नियम केला त्यांना कळवा,” त्या म्हणाल्या, “की साताऱ्याला एक बाई आली आहे, आणि ती परत जात नाही.” आणि पुढे तसेच झाले. दर आठवड्याच्या बाजाराला जावे तशा बाई कचेरीत जात. शिपाई त्यांना पाहताच बाक पुसून ठेवी. जाता येता त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत, कोणी म्हणत की एकट्या बाईला घर हवे कशाला. आमच्याच काही सभासदांनी असेही पसरवले, की बाईंमुळे सगळ्यांचे प्लॉट अडणार. हे मी मुद्दाम लिहितो. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवाच्या पुस्तकात गोड तेवढेच छापायचे असेल तर बाईंचा गौरव होणार नाही.

त्याच वर्षीचा सव्वीस जानेवारी. आमची एक रीत आहे. त्या सकाळी माळावर सारे माजी सैनिक पदके लावून ओळीत उभे राहतात, हवालदार म्हणून मी परेड लावतो आणि अध्यक्ष झेंडा फडकवतात. बाया-मुलांसाठी एका बाजूला खुर्च्या आणि सतरंजी असते. बाई दरवर्षी तिथे बसत. त्या वर्षी मी ‘सावधान’ म्हणालो आणि पायवाटेने बाई येताना दिसल्या. अंगात जुना फौजी कोट, छातीवर पदके, खांद्यावर कॅप्टनचे तीन तारे. कोट जरा सैल झाला होता. खुर्च्यांकडे न वळता त्या सरळ आमच्या ओळीपाशी आल्या. पार टोकाला इमामभाई आणि धोंडीराम उभे होते. बाई धोंडीरामांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

मी परेड तशीच सावधानात ठेवली. सुभेदार झेंड्याजवळून तरातरा निघाले. माझ्यापासून हाताच्या अंतरावरून ते गेले आणि त्यांच्या तोंडात काय वाक्य होते तेही मला माहीत होते: बाई, खुर्च्या तिकडं मांडल्यात. ते बाईंच्या समोर गेले. नजर खांद्यावर गेली. आणि सुभेदारांचा उजवा हात आपोआप कपाळाला गेला. टाच टाचेला लागल्याचा आवाज आला. आयुष्यभर ज्या हाताने तारे पाहून सलाम केला, तो हात तारे कोणाच्या खांद्यावर आहेत ते विचारायला थांबला नाही.

बाईंनी सलाम घेतला. हात खाली आणला आणि अगदी साध्या आवाजात विचारले, “सुभेदारसाहेब, ह्यो सलाम योसेफच्या भणीला का?”

सुभेदारांनी कपाळाचा हात खाली आणला. ओळीतले कोणी हलले नाही. मग ते म्हणाले, “न्हाई. कॅप्टनसाहेबाला.”

“मग नकाशावर बी तसंच लिवा. आणि ह्या ओळीत जे उभं हायत त्यांची घरंबी ओळीतच येऊ द्यात.”

सुभेदार त्यांना झेंड्याकडे चला म्हणाले. पदाने मोठ्या तुम्ही, झेंडा तुम्ही फडकवा. बाईंनी मान हलवली. “झेंडा तुमीच फडकवा, तुमी अध्यक्ष हाय. मी उभी राहायला आले.” झेंडा वर गेला तेव्हा बाई आपल्या जागी ताठ उभ्या होत्या, आणि सतरंजीवर बसलेल्या आमच्या घरच्या बायका एकेक करून उठून उभ्या राहिल्या. त्यांना कोणी उठा म्हटले नव्हते.

जुना नकाशा सुभेदारांनी स्वतः फाडला. नव्या नकाशात बाजू नाहीत, फक्त प्लॉट आहेत, आणि कोणता कोणाला ते आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवले. देवाची करणी अशी, की नाल्याकडेची चिठ्ठी सुभेदारांनाच निघाली. लोक त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. चिठ्ठी नीट वाचून ते म्हणाले, “नाल्याचा वारा गार आसतोय म्हंत्यात,” आणि खिशात घातली. आज त्यांचे घर तिथेच आहे. इमामभाईंचे घर माझ्या शेजारी आहे. संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावतो तेव्हा पलीकडून त्यांची नमाजाची चटई झटकल्याचा आवाज येतो. आम्ही दोघे आपापले संपवतो आणि मग ओट्यावर चहा घेतो. धोंडीरामांचे घर देवळासमोर, वसाहतीच्या पहिल्या ओळीत.

इथे गोष्ट संपली असती. बाईंच्या प्लॉटचे उत्तरही सरकारकडून आले होते. बाईंची सेवा पाहून त्यांना ‘एक विशेष बाब म्हणून’ प्लॉट मंजूर केला होता. सुभेदारांनी ही वार्ता आणली तेव्हा आम्ही सगळे बाईंच्या खोलीवर गेलो. या वेळी पेढे बाई आणतील अशी आमची समजूत होती.

बाईंनी कागद वाचला. “ह्ये ‘विशेष बाब’ म्हंजी काय?”

मी सांगितले, की नियम तसाच राहतो, तुमच्यापुरती सूट मिळते.

“मग न्हाई घेत.”

आमच्यापैकी प्रत्येकाने समजावून पाहिले. सुभेदार तर काकुळतीला आले. “आवं बाई, तुमचं वय काय, त्या खोलीचं जिनं किती. आता हट्ट कशापायी?” मीही म्हणालो, की घ्या आणि मग भांडा. तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

“खंडाळा, माझ्यामागनं पोरी आल्यात. ह्या बांगलादेशाच्या लढाईत त्या राबल्यात. त्यातली एखादी उद्या ह्याच बाकावर यिऊन बसली, तर तिला कचेरीतनं काय सांगतील? की हितं एक विशेष बाई हुती, ती घर घिऊन गेली. आता तू कोण? तुला कशानं विशेष म्हणायचं? न्हाई रं. मी काय विशेष न्हाई. मी नोकरी केली. जे इमामला मिळालं, जे तुला मिळालं, त्येच आणि तसंच पायजे.”

माणसाला देवाने मोठे मन दिले आहे हे त्याने सोडून दिलेल्या गोष्टींवरून कळते, असे माझे गुरुजी गावच्या शाळेत सांगत. बाईंनी सोडले काहीच नाही. मिळत असलेले घर त्यांनी नाकारले आणि हक्क तेवढा धरून ठेवला. गुरुजींच्या वाक्यात हे कुठे बसवावे ते मला कळत नाही.

म्हणून आमच्या वसाहतीत मधल्या ओळीत एक प्लॉट रिकामा आहे. चारी कोपऱ्यांना दगड आहेत. शासनाच्या लेखी तो कोणाचाच नाही. आमच्या लेखी तो कॅप्टन मार्थाबाई साळवे यांचा आहे. तो दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही असा ठराव संस्थेच्या सभेत झाला, आणि ठराव मांडला सुभेदार फडतरे यांनी. तिथले गवत आम्ही पाळीपाळीने काढतो. नाल्याकडेला राहणारे सुभेदार सकाळी फिरायला निघतात ते त्या दगडांपाशी थांबून, एखादा हलला नाही ना ते पायाने चाचपून मगच पुढे जातात. कचेरीत जाताना ते आता बाईंच्या बरोबर असतात, आणि साहेबांना बाईंच्या आधी तेच बोलतात. बाईंना त्यांना आवरावे लागते.

बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. सत्काराला त्यांनी आधी नकारच दिला होता. समारंभ कुठे करायचा हे कळल्यावर त्या तयार झाल्या. तो कोणत्याही सभागृहात होणार नाही. त्या रिकाम्या प्लॉटवर, त्या चार दगडांच्या आत मांडव घालून होणार आहे. या भागातील सर्व सैनिक बंधूंनी आणि भगिनींनी पदके लावून यावे. भगिनी हा शब्द मी सभेच्या रिवाजाने लिहिलेला नाही. सैन्याच्या इस्पितळांतून निवृत्त झालेल्या ज्या बाया आज कुठे भाऊ, कुठे भाचा अशांच्या घरी राहत असतील, त्यांनी ओळीत उभे राहायला यावे. खुर्च्या आम्ही मांडणार नाही.

मी साधा देवभोळा माणूस. देवाजवळ फारसे मागत नाही. गेली दोन-तीन वर्षे मात्र रोज एक मागणे असते, आणि पलीकडे इमामभाईही तेच मागतात असे त्यांनी मला सांगितले आहे. बाईंना निरोगी, लांब आयुष्य मिळो. त्यांच्या मातोश्री नव्वदी ओलांडून गेल्या आणि शेवटपर्यंत विहिरीचे पाणी स्वतः शेंदत होत्या, हे वाईकडचे सगळे जाणतात. कचेरीनेही हे ध्यानात ठेवावे. नियम बदलायला जितकी वर्षे लागायची तितकी लागू देत. बाई थांबायला तयार आहेत. बाकावर त्यांच्या शेजारी आम्ही आहोत, आणि माळावरची त्यांची जागा आम्ही झाडून ठेवली आहे.